मतदानाआधीचा हिशेब

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल आणि पालकांनाही आपले वाटेल असे काही बोलावे, अशी सूचना मला करण्यात आली आहे. मी इतिहास-नागरिकशास्त्राचा शिक्षक. तेव्हा विषय नागरिकशास्त्रातलाच घेतो. एखादे सरकार खर्चाचा नवा कायदा करू पाहते, त्या वेळी त्याला पैसा किती लागेल आणि त्याचे परिणाम काय होतील हे आधी कोण मोजतो व कसे मोजतो, हा तो विषय होय. उदाहरण अमेरिकेचे घेणार आहे, कारण तेथे हे काम एक स्वतंत्र कार्यालय गेली पन्नास वर्षे करीत आहे. परंतु अमेरिकेला जाण्यापूर्वी माझी स्वतःची एक चूक तुम्हांला सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका काढावी असे माझ्या मनात आले. एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, अशा घरची मुले शाळेत बसून शांतपणे वाचतील, एवढाच हेतू. मुले त्या वेळेला भुकेली असतात म्हणून चहा-बिस्किटे द्यावयाचे ठरले. एका दानशूर गृहस्थाने १८ हजार रुपये दिले. माझा हिशेब सरळ होता. गरजू मुले ३०, प्रत्येकी रोजचे ४ रुपये, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे महिन्याला ३ हजार. ऑगस्ट ते जानेवारी असे सहा महिने आरामात निघतील.

पहिल्या महिन्यात ३० मुले आली. दुसऱ्या महिन्यात ५० झाली. तिसऱ्या महिन्यात ७०. काही मुलांनी पैसे भरून लावलेली शिकवणी सोडली होती, तर काही शेजारच्या शाळेतली होती. तीन महिन्यांत १५ हजार खर्ची पडले आणि उरलेले ३ हजार पुढच्या दहा-अकरा दिवसांत संपले. परीक्षेला चार महिने असताना अभ्यासिका बंद झाली. रोज वाडीवरून चालत येणारी एक मुलगी मला म्हणाली, "सर, तुम्ही सुरूच केली नसती तर बरे झाले असते. मी शिकवणी सोडून आले होते."

मित्रहो, हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. माझा हेतू चांगला होता, गुणाकारही बरोबर होता. तरी हिशेब चुकला. जी मुले समोर होती ती मी मोजली. योजना पाहून जी येतील ती मोजली नाहीत. आणि दुसरी चूक याहून मोठी. योजना माझी, आकडाही माझाच, आणि तो तपासणारा कोणीच नाही. ज्याला योजना आवडते त्याला तिचा खर्च नेहमी थोडा कमीच दिसतो.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहे, प्रतिनिधिगृह आणि सिनेट. सन १९२१ च्या एका कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली अंदाजपत्रकाचे खाते स्थापन झाले. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे सरकारी खर्चाचे आकडे काँग्रेसला मुख्यतः या सरकारी खात्याकडूनच घ्यावे लागत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत काँग्रेसने मंजूर केलेला पैसा ते खर्चच करीत नाहीत यावरून मोठा वाद पेटला. त्या वादातून १९७४ चा अंदाजपत्रकविषयक कायदा झाला. या कायद्याने 'काँग्रेशनल बजेट ऑफिस', म्हणजे संसदेचे स्वतःचे अंदाजपत्रक कार्यालय, अस्तित्वात आले. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्याचे काम सुरू झाले. पहिल्या संचालक होत्या अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलिस रिव्हलिन. या बाईंनी १९८३ पर्यंत ते पद सांभाळले आणि आरंभीच एक शिस्त घालून दिली. कार्यालय आकडे देईल, पण अमुक विधेयक मंजूर करा किंवा फेटाळा असा सल्ला कधीही देणार नाही. ती शिस्त आजही पाळली जाते.

या कार्यालयात आज अडीचशेहून अधिक माणसे काम करतात. एखाद्या समितीने विधेयक संमत करून पुढे पाठविले, की त्याच्या खर्चाचा अंदाज या कार्यालयाने द्यावा असा कायद्याचा दंडक आहे. करांच्या बाबतीतले अंदाज मात्र काँग्रेसचीच एक संयुक्त करसमिती करते व कार्यालय ते आपल्या अहवालात घेते.

हे विश्लेषक नेमके काय करतात? तुम्हां-आम्हांला समजेल असे एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे शाळेत खिचडी मिळते, तसे अमेरिकेतही शाळांतून जेवण मिळते. गरीब मुलांना ते फुकट किंवा अल्प दरात असते आणि सरकार प्रत्येक जेवणामागे शाळेला ठराविक रक्कम देते. या जेवणात भाज्या, फळे, कडधान्ये अधिक असावीत, मीठ-चरबी कमी असावी, यासाठी २०१० साली एक कायदा झाला. जी शाळा नवे नियम पाळील तिला प्रत्येक जेवणामागे ६ सेंट जास्त द्यावयाचे ठरले. शिवाय गरीब वस्तीतल्या शाळांना सगळ्याच मुलांना फुकट जेवण देण्याची मुभा मिळाली.

असे विधेयक टेबलावर आले, की विश्लेषक पहिल्यांदा ते कलमवार वाचतो. लाभ कोणाला? कोणत्या तारखेपासून? पैसा कायद्यानेच आपोआप मिळणार आहे, की दरवर्षी वेगळी मंजुरी लागणार आहे? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दरवर्षी मंजुरी लागणारा पैसा पुढे मिळेलच असे नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळ्या रकान्यात मांडतात.

दुसरी पायरी म्हणजे आधाररेषा. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. समजा, एका मुलाला गेल्या वर्षी ५५ गुण होते आणि यंदा शिकवणी लावल्यावर ६२ पडले. शिकवणीचा फायदा ७ गुणांचा झाला का? नाही. तो मुलगा वर्षभरात मोठा झाला, वाचू लागला. शिकवणी नसती तरी त्याला ५९ पडले असते, तर शिकवणीचा फायदा फक्त ३ गुणांचा. तुलना कालच्या दिवसाशी करावयाची नसते. ती गोष्ट केली नसती तर काय झाले असते त्याच्याशी करावयाची असते. कार्यालय दरवर्षी पुढच्या दहा वर्षांची अशी आधाररेषा आखते. सध्याचे कायदे जसे आहेत तसेच राहिले तर किती मुले शाळेत जेवतील आणि किती खर्च होईल, हे त्यात असते. नव्या विधेयकाचा खर्च म्हणजे त्या रेषेच्या वर किंवा खाली जो फरक पडेल तो.

तिसरी पायरी गुणाकाराची. त्या सुमारास अमेरिकेत रोज तीन कोटींहून अधिक मुले शाळेत दुपारचे जेवण घेत. वर्षाची जेवणे साधारण ५०० कोटी. त्यास ६ सेंटने गुणले तर ३० कोटी डॉलर होतात. हा गुणाकार तुमच्यापैकी सातवीचा मुलगाही करील. विश्लेषकाचे खरे काम येथून पुढे सुरू होते. सगळ्या शाळा पहिल्याच वर्षी नवे नियम पाळतील का? नसतील पाळत, तर पहिल्या वर्षी पैसे कमी जातील. भाजी वाढली म्हणून काही मुले जेवण घेणे सोडतील का? सगळ्यांना फुकट म्हटल्यावर पूर्वी घरून डबा आणणारी मुले रांगेत येतील का? यालाच माणसांच्या वागणुकीतील बदल म्हणतात, आणि माझ्या अभ्यासिकेत मी नेमका हाच विसरलो होतो. विश्लेषक पूर्वीच्या योजनांचे अनुभव, सरकारी नोंदी, संशोधकांचे निष्कर्ष पाहतो आणि मगच आकडा धरतो.

चौथी पायरी वेळेची. पैसा मंजूर होणे निराळे आणि तिजोरीतून बाहेर पडणे निराळे. शिक्षकांच्या पगाराचा पैसा त्याच वर्षी जातो. रस्त्याचा पैसा मात्र निविदा, जमीन, पाऊस, कंत्राटदार असे टप्पे घेत कित्येक वर्षे झिरपत राहतो. घर बांधलेल्या प्रत्येक पालकाला हे ठाऊक आहे. म्हणून अंदाजात वर्षवार तक्ता असतो.

या सर्व हिशेबाअंती त्या पोषण-कायद्याचा दहा वर्षांचा नवा खर्च सुमारे ४५० कोटी डॉलर निघाला. आता खरी कसोटी होती. नवा खर्च करावयाचा तर तेवढी बचत दुसरीकडे दाखवावी, असा तेथे नियम होता. आकडा समोर आल्यामुळे पैसा कोठून आणणार हा प्रश्न टाळता येईना. तो पैसा मुख्यतः कोठून आला? गरीब कुटुंबांना धान्य-किराण्यासाठी जी सरकारी मदत मिळते तिच्यात २००९ साली मंदीमुळे तात्पुरती वाढ केली होती. ती वाढ ठरल्यापेक्षा लवकर, ऑक्टोबर २०१३ अखेर बंद करावयाची असे याच कायद्यात लिहिले गेले. नोव्हेंबर २०१३ पासून चार माणसांच्या कुटुंबाची मदत महिन्याला ३६ डॉलरने कमी झाली. म्हणजे शाळेतल्या ताटात भाजी वाढली आणि घरच्या किराण्यातून पैसे गेले. हे योग्य झाले की अयोग्य? कार्यालय त्यावर एक शब्द बोलत नाही. ते त्याचे कामही नाही. पण मत देणाऱ्या प्रत्येक सभासदाला दोन्ही बाजू आकड्यांत दिसत होत्या. न कळता केलेला निर्णय आणि कळून केलेला निर्णय यांत फरक असतो, तो हाच.

अर्थात असा आकडा सत्ताधाऱ्यांना नेहमी गोड लागतो असे नाही. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची आरोग्यविम्याची मोठी योजना काँग्रेससमोर होती. योजनेमुळे तूट कमी होईल असे सरकार म्हणत होते. रॉबर्ट रायशॉअर यांच्या संचालकपदाखाली कार्यालयाने सांगितले, की पहिल्या काही वर्षांत तूट उलट वाढेल आणि विम्याचे सक्तीचे हप्तेही सरकारी जमाखर्चातच धरले पाहिजेत. त्या वेळी काँग्रेसमध्ये बहुमत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे होते. तरीही आकडा बदलला नाही.

पुढे २०१७ साली दुसऱ्या पक्षाची पाळी आली. आरोग्यविम्याचा २०१० चा कायदा रद्द करून नवा आणण्याचे विधेयक आले. मार्चमध्ये कार्यालयाने अंदाज दिला, की दहा वर्षांत तूट ३३,७०० कोटी डॉलरने कमी होईल, परंतु २०२६ पर्यंत आणखी २ कोटी ४० लाख माणसे विम्याविना राहतील. सरकारला आवडेल आणि आवडणार नाही, असे दोन्ही आकडे एकाच कागदावर होते. गदारोळ झाला. विधेयकात फेरफार झाले आणि ४ मे रोजी प्रतिनिधिगृहाने ते मंजूर केले. फेरफार केलेल्या विधेयकाचा अंदाज मात्र २४ मे रोजी आला. आधी मत आणि मग हिशेब! जुलैमध्ये सिनेटमध्ये हा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला.

अलीकडचे, २०२५ चे उदाहरण तर आधाररेषेचेच आहे. कर आणि खर्च या दोहोंविषयीचा एक प्रचंड कायदा ४ जुलै रोजी झाला. २०१७ सालच्या करसवलती मुदत संपून बंद व्हावयाच्या होत्या. त्या यात पुढे चालू ठेवल्या. प्रचलित कायद्याशी तुलना करून कार्यालयाने सांगितले, की दहा वर्षांत तूट सुमारे ३ लाख ४० हजार कोटी डॉलरने वाढेल. सिनेटमधील सत्ताधाऱ्यांचे म्हणणे असे, की सवलती चालूच राहणार असे धरून मोजा. तसे मोजले तर तोच कायदा तूट कमी करणारा दिसतो. कायदा एक, अक्षरही बदललेले नाही, पण रेषा हलविली की खर्चाची बचत होते. म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणी तुम्हांला "एवढे वाचले", "एवढे वाढले" असे सांगितले, तर पहिला प्रश्न विचारा, "कशाच्या तुलनेत?"

मग हे विश्लेषक कधी चुकत नाहीत का? चुकतात. २००३ साली वृद्धांच्या औषधखर्चाची योजना झाली. तिचा दहा वर्षांचा अंदाज कार्यालयाने ३९,५०० कोटी डॉलर दिला होता; सरकारच्याच एका हिशेबतज्ज्ञाचा अंदाज ५३,४०० कोटींचा होता. प्रत्यक्षात खर्च त्या मानाने पुष्कळ कमी झाला, कारण स्वस्त औषधे अधिक खपली आणि योजनेत माणसेही अपेक्षेपेक्षा कमी आली. २००९ च्या मंदीतल्या मदत-कायद्याचा देशाच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला हे सांगताना तर कार्यालयाने एक आकडा दिलाच नाही. सरकारने स्वतः वस्तू व सेवा विकत घेतल्या तर एका डॉलरमागे उत्पन्न अर्ध्या डॉलरपासून अडीच डॉलरपर्यंत वाढू शकते, अशी लांब-रुंद मर्यादा दिली. कोणाला वाटेल, हा काय अंदाज झाला! पण जेथे खात्री नाही तेथे खात्रीचा आव न आणणे हीदेखील प्रामाणिक हिशेबाचीच खूण आहे.

शिवाय ही पद्धत राजकारण्यांनी ओळखलेली आहे. अंदाज दहा वर्षांचा, म्हणून कधी योजना चार वर्षांनी सुरू करतात, म्हणजे दहांपैकी सहाच वर्षांचा खर्च दिसतो. कधी सवलत मध्येच संपते असे लिहितात आणि पुढे मुदत वाढवितात. हिशेबनीस कितीही चोख असला तरी वाचणाऱ्याने डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

आता आपल्या देशाविषयी थोडेसे. आपल्या संसदेत आणि विधानमंडळातही खर्च लागणाऱ्या विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडण्याची पद्धत आहे. एकदाच होणारा खर्च किती आणि दरवर्षीचा किती, हे त्यात सांगावयाचे असते. परंतु हे ज्ञापन विधेयक आणणाऱ्या सरकारकडूनच येते. योजना ज्याची, आकडाही त्याचाच. नियंत्रक व महालेखापरीक्षक स्वतंत्रपणे तपासतात खरे, पण ते बहुधा पैसा खर्च झाल्यानंतर. मतदानाआधी दुसऱ्या हाताने हिशेब मांडणारे संसदेचे स्वतंत्र कार्यालय आपल्याकडे नाही. ब्रिटनने २०१० साली, ऑस्ट्रेलियाने २०१२ साली आपापल्या परीने अशा संस्था उभारल्या. आपल्याकडेही तशी व्हावी की नाही, याचा विचार उद्याचे नागरिक म्हणून तुम्हीच करावयाचा आहे. आमच्या मुलांपैकी कोणी डॉक्टर, इंजिनीअर होतो याचा आनंद आहेच. पण कोणी संख्याशास्त्र शिकून, अर्थशास्त्र शिकून लोकांच्या पैशाचा असा खरा हिशेब मांडणारा निघाला, तर मला त्याहून कमी आनंद होणार नाही.

पालकहो, तुमच्या घरातही ही विधेयके रोज येतात. आखातातून भाऊ पैसे पाठवतो म्हणून वरचा मजला चढवावयाचा ठरते, मुलाला कर्ज काढून परगावच्या कॉलेजात घालावयाचे ठरते. त्या वेळी चार प्रश्न विचारा. हे केले नाही तर काय होईल? हे केल्यावर घरातली माणसे कशी वागतील? पैसा कोणत्या वर्षी किती लागेल? आणि तो कोणाच्या वाट्यातून येणार आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'मुलीच्या शिक्षणातून' असे असते, आणि ते कोणी मोठ्याने म्हणत नाही. आकडा कागदावर मांडला की ते म्हणावे लागते. म्हणून तो मांडा, आणि ज्याला त्या बेतात गोडी नाही अशा एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.

माझ्या अभ्यासिकेचे काय झाले हे सांगून थांबतो. पुढल्या वर्षी ती पुन्हा काढावी असे ठरले, तेव्हा मी कागद आमच्या गणिताच्या सरांपुढे ठेवला. त्यांना ही कल्पना पहिल्यापासून फारशी पसंत नव्हती, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मुले ३० नव्हे, ८० धरली. आणि सरळ सांगितले, की चहा-बिस्किटे दिलीत तर दोन महिनेही निघणार नाहीत. मला राग आला, पण आकडा खोडता येईना. चहा-बिस्किटे गेली. अभ्यासिका मात्र परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत उघडी राहिली. ती मुलगी तोवर दहावीची परीक्षा देऊन शाळेतून गेली होती. तिचे वर्ष मी परत देऊ शकलो नाही. तिच्या धाकट्या बहिणीला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बसायला बाक आणि डोक्यावर दिवा मिळाला.